‘निकामी’ या शब्दाचे दोन अर्थ

लकडगंजात सकाळ होते ती आऱ्याच्या आवाजाने. माझे अब्बा तिथल्या एका आरागिरणीत हिशेब लिहीत. मी आठ-दहा वर्षांचा असेन तेव्हा त्यांनी भंगारातून एक लाकडी पेटी आणली. दोन्ही बाजूंना दोराच्या मुठी, झाकणावर काळ्या रंगात छापलेले आकडे. ‘फौजेची आहे, बारुदाची,’ ते म्हणाले. मी झाकण उघडायला धावलो, तर त्यांनी हात धरला. ‘खाली समझके हाथ मत डालना.’ आधी त्यांनी ती स्वतः उघडली, अंगणात उपडी करून झाडली आणि मगच माझ्या हाती दिली. माझ्या कवितांच्या वह्या आजही त्याच पेटीत आहेत.

बारुदाची पेटी म्हटले की आम्हा नागपूरकरांना पुलगाव आठवते. इथून सुमारे ११० किलोमीटरवर, वर्धा जिल्ह्यात, लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. चहूकडे कपाशीची शेते. या कपाशीचे आणि बारुदाचे नाते तसे जुने आहे. १८४६ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची प्रक्रिया करून भडकणारा कापूस तयार झाल्याचे जाहीर केले. बिनधुराची दारू पुढे त्यातूनच आली. ही दारू ठेवल्या जागी हळूहळू विघटित होत राहते, म्हणून तिच्यात तिला स्थिर ठेवणारे द्रव्य मिसळतात. ते संपत आले की धोका वाढतो आणि उन्हाळ्याच्या तापाने तर ते लवकर संपते. थोडक्यात काय, तर दारूगोळ्यालाही वय असते. माणूस म्हातारा झाला की बहुधा निवळतो, बारूद मात्र म्हातारपणी अधिक तापट होते.

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारात आग लागली आणि स्फोट झाले. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेले कर्मचारी होते. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत होते, असे पुढे बातम्यांत आले. जे शत्रूच्या रणगाड्याखाली फुटायचे, ते आपल्याच घरात फुटले.

मग अशा मालाचे करायचे काय? दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांनी उरलेला दारूगोळा जहाजांत भरून समुद्रात लोटला. बाल्टिक समुद्रातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत तो पुढे कित्येक वर्षे येत राहिला. १९७२ च्या लंडन करारानंतर समुद्रात कचरा टाकण्यावर आंतरराष्ट्रीय बंधने आली. जमिनीवरची जुनी रीत अशी, की मोकळ्या माळावर खोल खड्डे खणायचे, त्यांत माल रचायचा, वर माती लोटायची आणि दूरच्या आडोशाहून तो उडवून द्यायचा. त्यानंतर थांबायचे आणि न फुटलेले काही राहिले का, ते जाणकाराने तपासायचे. काही कारखान्यांत बंद भट्ट्याही असतात. तिथे थोडा थोडा माल जाळतात.

पुलगावजवळच्या सोनेगाव (आबाजी) परिसरात लष्कराचे असेच एक मैदान आहे. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी तिथे जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून नष्ट करण्यासाठी आलेल्या मालाच्या पेट्या उतरवल्या जात होत्या. तेवढ्यात स्फोट झाला. सहा जण गेले, कित्येक जखमी झाले. मृतांत जवळपासच्या गावांतले मजूरही होते. स्फोटक मालाला हात लावणारी ही माणसे रोजंदारीवर आली होती.

श्रोतेहो, मी शब्दांचा माणूस. आपल्या भाषेत एक शब्द आहे, ‘निकामी’. दारूगोळा निकामी झाला म्हणजे फौजेच्या कामाचा राहिला नाही. बॉम्ब निकामी केला म्हणजे त्यातला धोका काढून टाकला. शब्द एकच, पण ‘निकामी झालेला’ आणि ‘निकामी केलेला’ यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. त्या अंतरातून चालत जाणारा माणूस बहुतेक वेळा गरीब असतो. फुटलेल्या गोळ्याचे पितळ आणि तांबे भंगारात चांगल्या भावाने जाते. ज्याच्या शेतात यंदा कापूस पिकला नाही, त्याला ते दिसते.

लष्कराच्या कारभारात भंगार विकण्यापूर्वी ते स्फोटकमुक्त असल्याचा दाखला लागतो. लोखंडाच्या तुकड्याला दाखला मिळतो. मग तो तुकडा उचलणाऱ्या हातालाही काही मिळायला हवे. आपण काय उचलतो आहोत याची माहिती त्याला हवी, त्या कामाचे शिक्षण हवे, आणि भीती वाटली तर ‘नाही’ म्हणूनही दुसऱ्या दिवशी काम मिळण्याची खात्री हवी.

माझे अब्बा दहावीही शिकलेले नव्हते. पण पेटी मुलाच्या हाती देण्याआधी ती आपण उघडून पाहायची असते, एवढे त्यांना ठाऊक होते. सोनेगावच्या मजुरांसाठी पेटी आधी उघडून पाहणारे कुणीतरी असावे, इतकेच माझे मागणे आहे.