डोळ्याचा नकाशा : काचेच्या गोटीपासून तरंगाग्रापर्यंत

१/ छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना करमाड लागते. तेथील एखाद्या तरुणाने चष्मा कायमचा घालवण्यासाठी यांपैकी एखाद्या शहरातील नेत्ररुग्णालय गाठले, तर लेसरपूर्वी त्याच्या डोळ्यांचे रंगीत नकाशे काढले जातात. यंत्रे निरनिराळी असतात आणि त्यांची उत्तरेही नेहमी जुळत नाहीत. मग विश्वास कोणावर ठेवायचा? त्यासाठी चारशे वर्षे मागे जावे लागते. 🧵

२/ १६१९. जर्मन जेझुइट पाद्री क्रिस्टोफ शायनर याने डोळ्यात दिसणारे खिडकीचे प्रतिबिंब आणि वेगवेगळ्या आकारांच्या काचेच्या गोट्यांमधले प्रतिबिंब यांची तुलना केली. जी गोटी जुळेल, तिची वक्रता तीच कॉर्नियाची, म्हणजे डोळ्यावरील पारदर्शक पडद्याची, वक्रता. कॉर्निया हा आरसा आहे, ही कल्पना येथून रुजली.

३/ १८८०च्या सुमारास पोर्तुगीज वैद्य अँटोनियो प्लासिडो याने काळ्या-पांढऱ्या समकेंद्री वर्तुळांची तबकडी वापरली. मधल्या छिद्रातून पाहिले की वर्तुळे कॉर्नियावर उमटलेली दिसत. ती वाकडी, तर कॉर्निया वाकडा. स्वीडनच्या अल्वार गुलस्ट्रांड याने १८९६ मध्ये त्यांची छायाचित्रे मोजली. पुढे १९११ मध्ये त्याला नोबेल मिळाले. १९८०च्या दशकात संगणकाने या वर्तुळांचे रंगीत नकाशे केले.

४/ मात्र आरशाची मर्यादा कायम राहिली. प्रतिबिंब पुढच्या पृष्ठभागाचेच असते. अश्रूंचा थर विस्कटला तरी वर्तुळे विस्कटतात. कॉर्नियाची मागची बाजू आणि जाडी यांविषयी ही पद्धत मौन पाळते.

५/ ही उणीव नकाशाशास्त्राने भरून काढली. ऑस्ट्रियाचा लष्करी अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग हवाई छायाचित्रांवरून भूमीचे अचूक नकाशे करू पाहत होता. तिरक्या प्रतलावरही संपूर्ण चित्र स्पष्ट यावे, यासाठीचे त्याचे पेटंट १९०४ चे. याच तत्त्वावर फिरणारा कॅमेरा आज कॉर्नियाचे उभे छेद टिपतो. त्यातून पुढचे पृष्ठ, मागचे पृष्ठ आणि जाडी, तिन्ही मिळतात.

६/ तिसरी वाट आकाशातून आली. १९०० मध्ये योहानेस हार्टमान याने पॉट्सडामच्या मोठ्या दुर्बिणीचे भिंग तपासण्यासाठी छिद्रे पाडलेला पडदा वापरला. १९७१ मध्ये अमेरिकेत रोलंड शॅक आणि बेन प्लाट यांनी छिद्रांच्या जागी सूक्ष्म भिंगे बसवली. १९९४ मध्ये हायडलबर्ग येथे लियांग, बिले आदींनी हा संवेदक मानवी डोळ्याकडे वळवला.

७/ यात नेत्रपटलावर प्रकाशाचा बिंदू पाडतात. परतणारा प्रकाश भिंगांतून ठिपक्यांची जाळी उमटवतो. ठिपके जितके सरकलेले, तितके तरंगाग्र विकृत. ही विकृती म्हणजेच विपथन. रात्री दिव्याभोवती दिसणारी वलये चष्म्याच्या नंबराने जात नाहीत, याचे एक कारण येथे सापडते.

८/ याच संवेदकाचे महाराष्ट्राशी नाते आहे. पुण्याच्या आयुकाने कॅलटेकसोबत उभारलेली ‘रोबो-एओ’ प्रणाली शॅक-हार्टमान संवेदकानेच वातावरणाने केलेली विकृती मोजून ताऱ्यांचा प्रकाश सावरत असे. एकच युक्ती, एकदा ताऱ्यासाठी आणि एकदा डोळ्यासाठी.

९/ आता तुलना. प्लासिडो कॉर्नियाचा पुढचा भाग सांगतो. शाइम्पफ्लुग दोन्ही पृष्ठे व जाडी देतो. हार्टमान-शॅक संपूर्ण डोळ्याचे विपथन मोजतो, पण दोष कॉर्नियाचा की आतील भिंगाचा, हे एकटा सांगू शकत नाही. फार वाकड्या कॉर्नियात त्याचे ठिपके एकमेकांत मिसळतात. बाहुलीचा आकार बदलला की त्याचा आकडाही बदलतो.

१०/ तरुण डोळ्यांत आतले भिंग कॉर्नियाचे काही विपथन स्वतःच भरून काढते. म्हणून केवळ कॉर्नियाचा नकाशा पाहून दृष्टीचा निवाडा करणे चुकीचे. उलट, केवळ तरंगाग्र पाहणे धोक्याचे. केरॅटोकोनस या विकारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि त्याच्या आरंभीच्या खुणा अनेकदा मागच्या पृष्ठावर असतात. अशा डोळ्यावर लेसर चालला, तर उरलेला पडदा आणखी फुगू शकतो. लॅसिकनंतरच्या अशा फुगवट्याची नोंद १९९८ मध्ये थिओ सायलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली.

११/ तेव्हा या यंत्रांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न अपुरा आहे. प्रत्येक यंत्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. लेसरचा विचार करणाऱ्याने डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे : माझ्या कॉर्नियाची जाडी आणि मागचे पृष्ठ तपासले का?