गाइड स्कोप आणि गाइड कॅमेरा : जोडणी, जुळणी आणि गोव्याचे आकाश

पावसाळा सरला की गोव्यातील हौशी खगोलछायाचित्रकारांचा हंगाम सुरू होतो. साधारण ऑक्टोबर ते मे या काळातून चांदण्याच्या, ढगाळ आणि दमट रात्री वजा केल्या, तर कामाच्या रात्री मोजक्याच उरतात. अशी एखादी रात्र सत्तरीच्या किंवा सांग्याच्या अंधारात जागून काढावी आणि सकाळी संगणकावर प्रत्येक तारा टाचणीच्या टोकाऐवजी तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसावा, हा अनुभव अनेकांना येतो. तो टाळण्याचे साधन म्हणजे गाइड स्कोप आणि त्यावरील कॅमेरा. मात्र हे साधन नीट मांडलेल्या दुर्बिणीच्या उरलेल्या चुका सावरते. ढिल्या मांडणीवरचा तो उपाय नव्हे.

गरज कशासाठी?

ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्तावरील तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो; म्हणजे एका मिनिटात चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका. इक्वेटोरियल माउंट ही गती भरून काढतो. परंतु त्याच्या दंतचक्रांतील सूक्ष्म असमानतेमुळे दुर्बीण कधी किंचित पुढे, कधी मागे राहते. ही चूक ठरावीक काळाने, बऱ्याच माउंटांत सुमारे आठ-दहा मिनिटांनी, पुन्हा पुन्हा येते. पाच मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये ती लपत नाही.

पूर्वी हे काम माणूस करीत असे. अमेरिकेच्या यर्कीज वेधशाळेतील एडवर्ड बर्नार्ड यांच्या ‘ब्रूस’ दुर्बिणीला छायाचित्रणाच्या नळ्यांसोबत ५ इंच व्यासाची मार्गदर्शक दुर्बीण जोडलेली होती. तिच्यातील तारा तासन्तास न्याहाळत दुर्बीण हाताने सावरावी लागे. आज तोच पहारा कॅमेरा आणि संगणक करतात. कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी निवडलेल्या ताऱ्याचे चित्र घेतो, ‘पीएचडी२’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली तारा किती सरकला ते मोजते आणि माउंटच्या मोटारींना दुरुस्तीची सूचना देते.

निवड

गाइड स्कोप मोठा असण्याची गरज नाही. नेमके गणित करायचे, तर पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणावे आणि मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे. एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या किती विकला मावतात ते कळते. ४८० मिमी नाभीय अंतराची मुख्य दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉनचा कॅमेरा असल्यास उत्तर येते सुमारे १.६ विकला. २०० मिमीचा गाइड स्कोप आणि ३.७५ मायक्रॉनचा कॅमेरा असल्यास सुमारे ३.९. प्रणाली ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत शोधू शकत असल्याने हा फरक चालतो. मुख्य दुर्बिणीचे नाभीय अंतर दीड-दोन मीटरच्या घरात गेले, की मुख्य नळीतूनच प्रकाशाचा तुकडा घेणारा ऑफ-ॲक्सिस गाइडर अधिक भरवशाचा.

जोडणी

गाइड स्कोप मुख्य नळीच्या कड्यांवर किंवा पट्टीवर घट्ट बसवावा. दोन्ही नळ्या अगदी समांतर असण्याची आवश्यकता नाही. त्यांच्यातील कोन रात्रभर बदलता कामा नये, एवढेच महत्त्वाचे. फोकसरचा स्क्रू आवळावा. केबल लोंबकळू न देता नळीला बांधावी, कारण तिचा ओढही चित्रात उतरतो. समतोल साधताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवल्यास दंतचक्रे एकमेकांना टेकून राहतात. हिवाळ्यातील दवाने लहान भिंगावरचा तारा पुसट होतो; त्यासाठी ड्यू हीटरची पट्टी गाइड स्कोपलाही गुंडाळावी.

ध्रुवसाधन : गोव्याची अडचण

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. पणजीचा अक्षांश साधारण १५.५ अंश असल्याने गोव्यात ध्रुवतारा फारच खाली असतो आणि डोंगर, माड किंवा क्षितिजावरील धुरकट हवा त्याला सहज झाकते. अशा वेळी ‘ड्रिफ्ट’ पद्धत कामी येते. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा आधी मध्यमंडलाजवळ निवडून त्याचे उत्तर-दक्षिण सरकणे पाहावे आणि माउंटची दिशा सुधारावी. नंतर पूर्व किंवा पश्चिम क्षितिजाकडचा तारा घेऊन माउंटची उंची सुधारावी. ध्रुवतारा दिसण्याची गरजच उरत नाही. इतक्या कमी अक्षांशावर काही माउंटांच्या वजनांचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडील पायाला अडतो; तो मोकळा फिरतो ना, हे दिवसाउजेडी तपासावे.

कॅलिब्रेशन

गाइड कॅमेऱ्याचे फोकस ताऱ्यावर साधून पक्के करावे. भिंग झाकून काही ‘डार्क’ चित्रे घ्यावीत. उष्ण रात्री सेन्सरवरील चकाकणारा सदोष पिक्सेल तारा समजला जाऊ शकतो. आलेख संशयास्पदरीत्या सरळ रेषेत चालला असेल, तर प्रणाली अशाच पिक्सेलवर अडकली आहे का, ते पाहावे. कोणत्या सूचनेने तारा कुठे आणि किती सरकतो, हे प्रणाली कॅलिब्रेशनमध्ये शिकते. ते खगोलीय विषुववृत्त आणि मध्यमंडल यांच्या छेदाजवळ करावे. जानेवारीच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास मृगातील बाणाचे तीन तारे तेथेच असतात.

एक्सपोजर एका सेकंदाहून कमी ठेवल्यास प्रणाली वातावरणातील थरथरीचाच पाठलाग करू लागते. दोन ते तीन सेकंदांपासून सुरुवात करणे हितावह.

दोष कुठे आहे?

आलेखातील सरासरी चूक विकलांमध्ये पाहावी. ती मुख्य कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमधील विकलांपेक्षा कमी असेल, तर सहसा चिंता नाही. आलेख चांगला असूनही तारे लांबट आले, तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असते. सलग चित्रांत सर्व तारे हळूहळू एकाच दिशेला सरकत असतील, तर दोन नळ्यांमध्ये लवचिकता आहे; कडी, फोकसर, केबल तपासावी. तारे एका बिंदूभोवती कमानीसारखे फिरलेले दिसले, तर ध्रुवसाधन चुकले आहे. एका ताऱ्याला धरून ठेवणाऱ्या गाइडिंगला हे फिरणे थांबवता येत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी घट्ट जोडणी, मग समतोल, मग ध्रुवसाधन, मग कॅलिब्रेशन आणि शेवटी गाइडिंग. पहिल्या तीन पायऱ्यांवर खर्चलेला तास वाया जात नाही. तो वाचवू पाहणाऱ्याची मात्र पूर्ण रात्र जाते आणि तशी रात्र पुन्हा मिळण्यासाठी पुढच्या अमावास्येची वाट पाहावी लागते.