लाकडी कोडी : मोजके भाग, असंख्य शक्यता
लाकडाचे सुटे भाग जोडून, उलगडून किंवा सरकवून सोडवायच्या खेळण्यांना लाकडी कोडी म्हणतात. नवी दिल्लीत सरोजिनी नगरपासून जवळच, १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये देशभरातील कारागीर आळीपाळीने आपल्या वस्तू थेट ग्राहकांना विकतात. लाकडी खेळणी हा त्यांतील एक प्रकार. उत्तर प्रदेशातील सहारनपूर, कर्नाटकातील चन्नपट्टण आणि महाराष्ट्रातील सावंतवाडी ही लाकूडकामाची नावाजलेली केंद्रे आहेत.

मोजक्या भागांतून निर्माण होणाऱ्या असंख्य शक्यता हे या कोड्यांचे खरे आकर्षण होय. सहा पट्ट्यांच्या प्रसिद्ध कोड्यात खाचा एकमेकींत अडकवल्यावर बहुधा बिनखाचेची पट्टी शेवटी सरकवून रचना पूर्ण होते. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे लोकांपुढे आणले. त्याच्याशी जोडलेल्या कथेत काशीच्या मंदिरातील ६४ चकत्या येतात. तीन चकत्या हलविण्यास किमान ७ चाली पुरतात, आठ चकत्यांना मात्र २५५ लागतात.

खाच किंचित सैल झाली तरी कोडे बिघडते आणि दमट हवेत लाकूड फुगते. त्यामुळे लाकूड नीट वाळवणे व अचूक कापणे महत्त्वाचे ठरते. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह बंधनकारक आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली. त्यामुळे हाताने कोडी घडविणाऱ्या लहान कारागिरासाठी ही नोंदणी उपजीविकेइतकीच मोलाची आहे.