१९९३ चा उन्हाळा: लॅब, वॉकमन आणि क्रिकेटचा स्कोअर



आमचा धाकटा या उन्हाळ्यात त्याच्या विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये दहा आठवडे काम करतोय. परवा व्हिडिओ कॉल केला तर एका स्क्रीनवर प्रयोगाचा आलेख, दुसऱ्यावर मॅच, गळ्यात हेडफोन आणि मांडीवर गिटार. रात्रीचा एक वाजलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायको म्हणाली, "तू काही बोलू नकोस. तू काय करायचास ते मला माहितीये."

खरं आहे. म्हणून म्हटलं, ती हकिगत एकदा लिहूनच काढावी. माझी एकट्याची नाहीये ती. आज आपण खिशातून फोन काढून स्कोअर बघतो, त्याची सुरुवात अशाच लॅबमध्ये रात्री जागणाऱ्या पोरांनी केलीय.

मी १९९२ च्या ऑगस्टमध्ये डोंबिवलीहून मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात आलो. तेव्हा इथे क्रिकेट नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती म्हणा ना. लायब्ररीत भारतातलं वर्तमानपत्र यायचं ते शिळं होऊन. घरी फोन करायचा तर मिनिटाला दीड-दोन डॉलर, आणि त्या मिनिटात आईला "जेवलास का" विचारायचं असायचं, तिथे स्कोअर कुठून विचारणार? रूममेटकडे शॉर्टवेव्ह रेडिओ होता. त्याची तार खिडकीतून बाहेर झाडाला बांधलेली. बीबीसी लागलं तर लागलं, नाहीतर नुसती खरखर.

पण कॉम्प्युटर लॅबमध्ये युजनेट होतं. आजच्या मुलांना सांगायचं तर विषयवार मोठ्या गप्पांच्या पाट्या. इकडे कुणी लिहिलं की जगभरातल्या विद्यापीठांत ते यथावकाश पोचायचं. त्यात क्रिकेटचा वेगळा गट होता आणि तिथे भारत, पाकिस्तान, श्रीलंका, ऑस्ट्रेलियाची पोरं कडाकडा भांडायची. भांडण छान, पण स्कोअर मात्र उशिराच कळायचा.

लगेच कळायचा तो आयआरसीवर, म्हणजे टाइप केलेल्या गप्पा जिथल्या तिथे दिसायच्या. याचा जन्मसुद्धा उन्हाळ्यातलाच बरं का! १९८८ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओईकारिनेन नावाचा विद्यार्थी उन्हाळी नोकरीवर होता. विभागाचा सर्व्हर सांभाळायचं काम, आणि त्यात दिवस काही भरायचा नाही. उरलेल्या वेळात त्याने गप्पा मारायचा हा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या बाबांनी तेव्हा व्हिडिओ कॉल केला असता तर काय म्हणाले असते?

या आयआरसीवर क्रिकेटची खोली होती. मॅच चालू असली की कुणीतरी रेडिओ किंवा टीव्हीसमोर बसून स्कोअर टाइप करायचं आणि बाकीचे वाचायचे. अडचण एकच. दर दोन मिनिटांनी नवीन माणूस आत यायचा आणि विचारायचा, "स्कोअर काय?" टाइप करणारा वैतागायचा. मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग नावाचे ब्रिटिश संशोधक होते. त्यांनी यावर उपाय म्हणून एक बॉट तयार केला. त्याला आज्ञा पाठवली की तो आपणहून स्कोअर सांगायचा. १५ मार्च १९९३ ला तो सुरू झाला. त्याचं नाव क्रिकइन्फो. हो, तेच.

पुढे जुनी स्कोअरकार्डं साठवायला गोफर वापरलं गेलं. गोफर ही वेबच्या आधीची मेनूवाली पद्धत, तीही त्याच मिनेसोटात १९९१ साली निघालेली. इलिनॉयमध्ये मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांचा मोझेक ब्राउझर १९९३ मध्येच आला आणि मग गोफर मागे पडलं. पण त्या उन्हाळ्यात आम्हाला वेबबिब काही माहीत नव्हतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, बस्स.

क्रिकइन्फोच्या सुरुवातीच्या मंडळींत कॉर्नेलमध्ये पीएचडी करणारे बद्री शेषाद्री होते (पुढे चेन्नईत परत जाऊन तमिळ पुस्तकांचे प्रकाशक झाले). पवईच्या आयआयटीतून मॅसॅच्युसेट्सला गेलेले विशाल मिश्रा होते; ते आज कोलंबियात प्राध्यापक आहेत. यांपैकी कुणाचाही पीएचडीचा विषय क्रिकेट नव्हता. पगार नाही, कंपनी नाही. जगभरातले लोक जुने सामने हाताने टाइप करून पाठवत होते, फुकट. सामना चालू असताना चेंडूगणिक भरायला एक सॉफ्टवेअरही केलं होतं, नाव 'डगी'. मला आजही या गोष्टीचं आश्चर्य वाटतं. सन २००० मध्ये या कंपनीची किंमत १५ कोटी डॉलरच्या घरात सांगितली जायची. मग डॉट कॉमचा फुगा फुटला, २००३ मध्ये ती विस्डेनकडे गेली आणि २००७ मध्ये ईएसपीएनकडे.

आता माझं. १९९३ चा तो माझा पहिला उन्हाळा. तळघरातल्या लॅबमध्ये रात्रपाळी, दर ४० मिनिटांनी गॅसचा नमुना घेऊन यंत्रात सोडायचा. जुलै-ऑगस्टमध्ये आपला संघ श्रीलंकेत होता. तिकडे सकाळी दहाला खेळ सुरू, म्हणजे आमचे रात्रीचे साडेअकरा. असा जमलेला मुहूर्त! कोलंबोची दुसरी कसोटी आपण २३५ धावांनी जिंकली. १९८६ च्या लीड्सनंतर परदेशातला पहिला विजय. त्या कसोटीपायी माझे दोन नमुने चुकले आणि तीन दिवसांचा प्रयोग वाया गेला. मी गाइडना सांगितलं, यंत्र मध्येच बंद पडलं. ते बिचारे अख्खा दिवस यंत्र उघडून तपासत बसले. मी शेजारी उभा राहून पाने देत होतो. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही आणि आता ते नाहीत.

संगीताचंही तसंच. माझ्याकडे वॉकमन होता आणि आठ कॅसेटी. त्यातली एक घासून घासून अर्धी मुकी झालेली. युजनेटवर हिंदी गाण्यांचा गट होता आणि तिथले लोक कॅसेट थांबवत, मागे घेत, ऐकत, गाण्यांचे शब्द टाइप करायचे. देवनागरी तर कॉम्प्युटरवर नव्हती. मग अविनाश चोपडे यांचं आयट्रान्स आलं. रोमन अक्षरांत लिहायचं आणि ते देवनागरीत छापून द्यायचं. छोटा टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. मोठा एल म्हणजे आपला ळ! तो ळ पहिल्यांदा प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा मी तो कागद भिंतीवर लावला होता. त्याच सुमारास मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर रागांवर लांबलचक, चिडके आणि अप्रतिम लेख लिहायचे. यमन आणि यमन कल्याण यांच्यावर माणसं रात्र रात्र वाद घालू शकतात, हे मला डोंबिवलीत नाही, अमेरिकेत कळलं.

एक गोष्ट मात्र उन्हाळ्यातली नाही, तरी सांगतो. २४ नोव्हेंबर १९९३, थँक्सगिव्हिंगच्या आदला दिवस. लॅबमध्ये कुणी नाही. ईडन गार्डन्सवर हिरो कपची उपांत्य फेरी, आपण १९५ सर्वबाद. आमच्याकडे सकाळचे साडेदहा-अकरा. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा हव्या होत्या आणि चेंडू सचिनच्या हातात! एकेक ओळ पडद्यावर उमटत होती. शेवटच्या चेंडूवर चार हव्या, एकच निघाली. दोन धावांनी जिंकलो. रिकाम्या इमारतीत मी एकटाच ओरडलो.

त्यानंतर चार दिवसांनी बाबांचं आंतरदेशीय नव्हे, निळं एअरोग्राम आलं. आजी गेली होती. पत्रावरची तारीख बारा दिवसांपूर्वीची. "तुझी परीक्षा जवळ आली आहे म्हणून फोन केला नाही. तू त्रास करून घेऊ नकोस." म्हणजे मी ओरडलो तेव्हा आजीला जाऊन आठवडा झाला होता. कोलकात्यातला प्रत्येक चेंडू मला सेकंदात कळत होता, आणि डोंबिवलीतलं काही कळत नव्हतं.

बाबांवर रागावलो होतो मी, बरीच वर्षं. आता आपणही इथून मुलांना काय काय सांगत नाही, हे आठवलं की तो राग कुठे ठेवावा कळत नाही.

१९९६ च्या जूनपर्यंत वेब आलं होतं. लॉर्ड्‌सची कसोटी, पंच डिकी बर्ड यांची शेवटची. गांगुलीचं पदार्पणातलं शतक, द्रविड ९५ वर बाद. लंडनचा खेळ आमच्याकडे पहाटे पाचला सुरू. लॅबमध्ये आम्ही सहा जण एका पडद्यासमोर, आणि गाइडसुद्धा मागे येऊन उभे. त्यांनी विचारलं, "हा ९५ वाला मुलगा एवढा दुःखी का? ९५ चांगले नाहीत का?" त्यांना समजावता समजावता पुढची विकेट हुकली.

धाकट्याला हे सगळं त्या रात्री थोडं थोडं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, म्हणजे सौरभ नेत्रावळकर तुमच्याच लाइनमधला." मुंबईचा रणजीपटू, कॉर्नेलला कॉम्प्युटर सायन्स शिकायला आलेला, इंजिनिअरची नोकरी करणारा, युकुलेले वाजवणारा. ६ जून २०२४ ला टेक्सासमध्ये पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली ती त्यानेच. मी म्हटलं, "मी फक्त नमुने चुकवले रे."

"किती चुकवले?" त्याने विचारलं. मग यंत्राचीही गोष्ट सांगावी लागली. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "थांबा, माझा टायमर वाजतोय," आणि गिटार बाजूला ठेवून उठला.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात स्कोअर किंवा गाणी टाइप केली असतील तर खाली जरूर लिहा. आणि कुणाकडे आयट्रान्सचे ते जुने छापील कागद अजून असतील तर फोटो टाका. माझा तो ळ घर बदलताना हरवला.