मुलाखतीची तयारी : पाठ केलेलं उत्तर नको, घडलेलं सांगा

केंद्राच्या गट क व अराजपत्रित गट ब पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखत बंद आहे. यूपीएससी नागरी सेवेत मात्र २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते.

पॅनेलसमोर उमेदवाराचा अर्ज असतो. गाव, छंद, मधली रिकामी वर्षं, प्रश्न तिथूनच निघतात. आवड म्हणून ‘शेती’ लिहिली, तर यंदाचा हमीभाव माहीत हवाच!

‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की बरेचजण क्लासमधलं उत्तर घडाघडा म्हणतात. ते लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा एक खरा प्रसंग घ्या: अडचण काय होती, आपण नेमकं काय केलं, पुढे काय झालं. बचत गटाचा न जुळणारा हिशेब कसा जुळवला, हेही चालतं. ‘आम्ही केलं’ म्हणू नका, स्वतःचा वाटा सांगा. नापास होऊन दोन वर्षं घरची शेती केली असेल तर तेही सांगा. लपवलं की पुढचा प्रश्न नेमका तिथेच येतो.

सराव मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. खासगी क्लासला पैसे भरण्याआधी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या मोफत प्रशिक्षण योजनांत आपण बसतो का, ते त्यांच्या संकेतस्थळांवर पाहून घ्या.