बंदोबस्तामागचे घर

विसर्जनाच्या रात्री हलसूर तलावाच्या काठी आपण शेवटचा ‘मोरया’ म्हणतो आणि प्रसाद हातात घेऊन घरी परततो. बंदोबस्तावरचा पोलीस मात्र शेवटची मूर्ती पाण्यात जाईपर्यंत तिथेच उभा असतो. त्याच्याही घरी गणपती असेल, आरतीला त्याची वाट पाहिली गेली असेल. एखाद्या दिवशी तो घरी परतलाच नाही तर? त्या घराचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर समाजाने आजवर कसकसे दिले, त्याचा हा छोटासा आढावा.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलीस जवान शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. मानवंदना होते, नावे वाचली जातात. पण नुसत्या मानवंदनेने घर चालत नाही.

आपल्या कर्नाटकात याची एक सुंदर प्रथा आहे. २ एप्रिल १९६५ रोजी नवा कर्नाटक पोलीस कायदा अमलात आला, म्हणून दरवर्षी २ एप्रिलला ‘पोलीस ध्वज दिन’ साजरा होतो. छोटे छोटे ध्वज विकले जातात आणि जमलेली रक्कम सेवेतील व निवृत्त पोलिसांच्या कल्याणासाठी वापरली जाते. म्हणजे ही वर्गणीच की! वर्गणीचे मोल आपणा गणेशभक्तांना कोणी वेगळे सांगायला नको.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला कोण विसरेल? सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ केवळ लाठीनिशी कसाबला गाठले. त्याच्या बंदुकीची नळी घट्ट धरून त्यांनी गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या. ताज हॉटेलात लढताना आपल्या बंगळूरचे मेजर संदीप उन्नीकृष्णन यांना वीरमरण आले. २६ जानेवारी २००९ रोजी दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. एक महाराष्ट्राचा पोलीस, दुसरा बंगळूरचा सैनिक! आपल्या दोन्ही घरांचे हे दोन सुपुत्र. त्याच वेळी, डिसेंबर २००८ मध्ये, ताज समूहाने आपद्ग्रस्तांसाठी एक विश्वस्त निधी उभारला. त्यातून हल्ल्यात बळी पडलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनाही आधार मिळाला.

पुढे सरकारी वाटाही रुंदावल्या. एप्रिल २०१७ मध्ये ‘भारत के वीर’ हा उपक्रम सुरू झाला आणि केंद्रीय दलांतील शहिदांच्या कुटुंबांना सामान्य नागरिक थेट देणगी देऊ लागला. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीतील जांभुळखेडा येथे भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला केंद्र सरकारने पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना राज्य पोलिसांच्या मुलांनाही खुली केली. दरवर्षी ५०० नव्या शिष्यवृत्त्या, मुलींना दरमहा ३,००० रुपये व मुलांना २,५०० रुपये अशी ही तरतूद होती. तिचा पैसा येतो १९६२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून, म्हणजे पुन्हा लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांतूनच.

मात्र एक गोष्ट मनाला टोचते. ही शिष्यवृत्ती दहशतवादी वा नक्षलवादी हल्ल्यात शहीद झालेल्या पोलिसांच्या मुलांसाठी आहे. रात्रपाळी करून परतताना अपघातात गेलेला हवालदार, बंदोबस्तावर हृदयविकाराने कोसळलेला शिपाई, यांची मुले त्या चौकटीत बसत नाहीत. क्वार्टर मात्र त्यांनाही मुदतीनंतर सोडावे लागते आणि कॉलेजची फी त्यांनाही चुकत नाही. अशा घरांना खरा आधार असतो तो पोलीस खात्याच्या कल्याण निधीचा आणि तुमच्या-आमच्यासारख्यांच्या मदतीचा.

म्हणून एक नम्र सूचना. येत्या २ एप्रिलला आपल्यापैकी प्रत्येकाने पोलिसांचा ध्वज विकत घ्यावा, ऑफिसातील सहकाऱ्यांनाही घ्यायला लावावा. उत्सवाच्या शिलकेतील थोडी रक्कम पोलिसांच्या मुलांच्या शिक्षणासाठी द्यावी का, याचाही मंडळाने विचार करावा. गणपती ही विद्येची देवता. त्याच्या मिरवणुकीला रात्रभर पहारा देणाऱ्याच्या मुलांची विद्या अडू नये, एवढे तरी आपण पाहू या.

गणपती बाप्पा मोरया!