एक्स-विंग लढाऊ यान : प्रतिकृती-बांधणी

एक्स-विंग हे ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या अमेरिकी चित्रपटातील बंडखोरांचे एकआसनी लढाऊ यान. प्लॅस्टिकच्या संचातून त्याची छोटी प्रतिकृती जोडणे, रंगवणे आणि वापरून जुनी झाल्यासारखी दाखवणे हा छंद जगभर रुजलेला आहे. कथेत यानाचे नाव इन्कॉम टी-६५, लांबी साडेबारा मीटर. चार इंजिने, पंखांच्या टोकांना चार लेझर तोफा आणि चालकाच्या पाठीमागे खोबणीत बसणारा यंत्रमानव अशी रचना. हल्ल्याच्या वेळी पंख कात्रीसारखे उघडतात आणि यान समोरून इंग्रजी एक्स अक्षरासारखे दिसते, म्हणून हे नाव.

स्पिटफायर विमानाची प्रतिकृती करणाऱ्याला अडले तर संग्रहालयात जाऊन खरे विमान पाहता येते. एक्स-विंगच्या बाबतीत खरे यान नाहीच. पडद्यावर उडते तीही प्रतिकृतीच. कॉलिन कँटवेल यांनी पहिला आराखडा आणि नमुना केला, जो जॉन्स्टन यांनी त्याला पुढचे रूप दिले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या संस्थेने कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथील गोदामात चित्रीकरणाची याने बांधली. ती साधारण अर्ध्या मीटरची, म्हणजे १/२४ प्रमाणाच्या आसपासची होती. वेळ थोडा आणि तपशील भरपूर हवा, म्हणून कारागिरांनी बाजारातले रणगाडे, तोफा, मोटारी, विमाने यांचे संच ढिगाने आणले आणि त्यांतले तुकडे यानांवर चिकटवले. काहीच काम न करणाऱ्या, पण यंत्र वाटायला लावणाऱ्या अशा तुकड्यांना त्या कार्यशाळेत ‘ग्रीबली’ म्हणत. त्यामुळे आजचा हौशी कारागीर १/७२ प्रमाणाचा संच जोडतो तेव्हा इंजिनामागे नळ्यांचे जे जाळे तो बसवतो, ते कुठल्यातरी जुन्या संचातील सुट्या भागांचे एकतृतीयांश रूप असते. त्याचा उपयोग काय, हे विचारण्यात अर्थ नाही.

चित्रीकरणाच्या या यानांना आता मोठे मोल आले आहे. मॉडेलकार ग्रेग जाइन यांच्या निधनानंतर त्यांच्या संग्रहात सापडलेले एक एक्स-विंग २०२३ मध्ये अमेरिकेतील लिलावात ३१ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले.

संच : चित्रपटापाठोपाठ अमेरिकेच्या ‘एमपीसी’ने पहिला संच आणला. खेळणे म्हणून ठीक. आकाराच्या अचूकतेसाठी कोणी त्याची आठवण काढत नाही. या शतकाच्या आरंभी जपानच्या ‘फाइन मोल्ड्स’ने १/७२ प्रमाणात नेटका संच काढला. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ‘बंदाई’च्या संचाने मात्र चित्रच पालटले. भाग गोंदाशिवाय एकमेकांत बसतात, वेगवेगळ्या रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये ओतलेले असतात आणि पंख जोडल्यानंतरही उघडतात, मिटतात. रंगाला हात न लावताही बऱ्यापैकी यान उभे राहते. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

प्रमाण : १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंच उंचीचा. ब्रिटनमध्ये १९३६ पासून निघालेल्या ‘फ्रॉग पेंग्विन’ या प्लॅस्टिकच्या विमान-संचांचे प्रमाण हेच होते. या हिशेबाने एक्स-विंग सुमारे १७ सेंमी भरते. प्रमाणाचा खरा जाच रंगवताना कळतो. मॉडेलवर रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड झाला, तर मूळ यानावर तो सात मिलिमीटरचा गिलावा ठरेल. म्हणून रंग पातळ करून एअरब्रशने दोन-तीन विरळ हात द्यायचे. जाड कुंचल्याने एकदाच फासलेला रंग जोडरेषा बुजवतो.

बांधणी : भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला धरलेले असतात तिला रनर म्हणतात. भाग हाताने पिळून तोडू नये. निपरने आधी लांबून, मग जवळून कापावा आणि उरलेला कोंभ ६०० व १००० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने घासून काढावा. जोड उघडा दिसला तर लांबी भरून पुन्हा घासावे. चालककक्षाचे काम आधी संपवावे लागते, कारण काच बसल्यावर आत काहीच करता येत नाही. चालकाची मूर्ती बोटाच्या पेराहून लहान. शिरस्त्राणाखालचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नसतो. तिथे डोळे रेखाटण्याच्या फंदात न पडता भुवयांखाली पातळ तपकिरी सावली सोडली की नजर आपोआप येते. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला हे सांगावे लागणार नाही.

रंग : मूळ यान पांढरे नाही, मळकट पांढरे आहे. आधी प्रायमर, मग किंचित राखाडी पांढरा हात, त्यावर निवडक चौकोनांना पिवळसर किंवा गडद छटा. पट्टे लाल आहेत, त्यालाही कारण आहे. कथेत या यानांची तुकडी आधी निळी होती. पण याने निळ्या पडद्यापुढे चित्रित होत असल्याने निळा रंग पार्श्वभूमीत विरून जाई, म्हणून तुकडीच लाल झाली. त्याच अडचणीमुळे मूळ चित्रपटातील अवकाशातल्या दृश्यांत यानावरचा यंत्रमानव आर टू-डी टू निळ्याऐवजी काळ्या पट्ट्यांचा दिसतो. आपल्या यानावर तो कोणत्या रंगाचा बसवायचा, यावर जाणकारांचे आजही एकमत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पडद्यावर दिसले ते खरे, काळाच करावा.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर रंग फवारणे टाळावे. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. पट्ट्यांसाठी संचासोबत पाण्यात सुटणारी चित्रे, म्हणजे डीकॅल, मिळतात. ती लावण्याआधी चकचकीत वार्निशचा हात आवश्यक. खरखरीत पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक उमटते. अनेकजण डीकॅल बाजूला ठेवून पट्टे चिकटपट्टी लावून रंगवतात, कारण रंगाचे टवके काढता येतात, डीकॅलचे नाहीत.

वेदरिंग : एक्स-विंगची खरी मौज इथे आहे. अवकाशयुद्धाचे संकलन ठरवताना दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या झुंजींची दृश्ये कच्च्या प्रतीत जोडली होती. यानेही तशीच, आघाडीवरच्या धावपट्टीवर मळलेली, ठिगळे मारलेली. टवक्यांसाठी जुनी युक्ती आहे : धातूच्या रंगावर केसांचा स्प्रे, त्यावर ॲक्रिलिक रंग. तासाभराने ओल्या, राठ कुंचल्याने कडा घासल्या की खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग नैसर्गिकपणे उडतो. ताबा हवा असेल तर भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा गडद रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून, कडांवर टिपावा. जोडरेषांत पातळ तपकिरी इनॅमलचा वॉश सोडून उरलेला कापसाने पुसतात, ओघळ मात्र वाऱ्याच्या दिशेने ओढतात.

अवकाशात वारा कुठला, ही शंका रास्त आहे. गंज आणि काजळीलाही तिथे जागा नाही. पण मूळ यानांवर ते सारे आहे आणि हात त्या यानांचे अनुकरण करतो, भौतिकशास्त्राचे नाही. अतिरेक मात्र डोळ्याला लगेच खुपतो. अख्खे यान काजळीने माखले की ते जुने नव्हे, जळालेले वाटते.

एक सावधगिरी. गोंदाविना बसणारे भाग घट्ट ताणलेले असतात; इनॅमलचा थिनर सांध्यात झिरपला की प्लॅस्टिक तडकते. वॉश देण्याआधी वार्निशचा अभेद्य थर हवा आणि सांध्यांपाशी हात आखडता.

इंजिनांत एलईडी बसवणारे आतून आधी काळा, मग पांढरा रंग देतात. नाहीतर पातळ प्लॅस्टिकमधून सगळे यानच कंदिलासारखे उजळते. प्रकाश गुलाबी-लाल असावा.

तोफांच्या नळ्या सर्वांत शेवटी लावाव्यात. बारीक आणि लांब असल्याने पितळी नळीच्या घेतल्या तर उत्तम. प्लॅस्टिकच्या असतील तर फडक्याने धूळ पुसताना पहिल्यांदा त्याच तुटतात, म्हणून धूळ मऊ कुंचल्याने झटकावी.